ताट धरणारा

॥ श्री ॥

गेवराई, मिती आश्विन शुद्ध १३, शके १८४५

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या गहिनीनाथाचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, तिकडचे कुशल लिहावे. दसऱ्याला धारूरला आलो नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटे मोडली असशील. कारण कळल्यावर तुला ती दुसऱ्याच कोणाच्या नावाने मोडावी लागतील.

माझी वकिलीची सनद गेली. ज्या सनद-मजलिसीने परीक्षा घेऊन ती मला दिली, तिनेच ती रद्द केल्याचा हुकूम दसऱ्याच्या तोंडावर बीडहून आला. आता मुन्सफीत उभे राहून कोणाच्या वतीने एक शब्द बोलायचा मला हक्क नाही. कचेरीसमोर लिंबाखाली माझी बैठक असायची. तिथे दुसऱ्याने सतरंजी टाकलीसुद्धा.

घडले ते असे. आपल्या उमापूरचे धोंडीराम आणि बंकट, सख्खे चुलतभाऊ, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कोर्टात भांडतात हे तू माहेरी आलीस की ऐकतेसच. धोंडीरामाचा वकील मी आणि बंकटचा वकील बीडचा. तारखा पडत गेल्या आणि दोघांचेही मळे वाळून गेले. वैशाखात धोंडीराम येऊन म्हणाला की, वकीलसाहेब, आमी दोघं बी लई थकलाव, खंडोबापुढं काय ते मिटवून टाकू. बंकटही तयार झाला. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात बेलाची पाने आणि भंडारा घातला, दोघांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली. ताट धरायला दोघांच्या विश्वासाचा एक माणूस लागतो. दोघांनीही माझेच नाव घेतले, म्हणून ते मी धरले. पाळी ठरली, मोट सुरू झाली, आणि तडजोडीचा कागद मुन्सफसाहेबांनीही मंजूर केला.

बंकटच्या वकिलाला हे झोंबले. मी दोन्हीकडून मेहनताना घेतला अशी तक्रार त्याने मजलिसीकडे केली. नोटीस आली, मी गेलो. धोंडीराम आणि बंकट दोघांनीही सांगितले की, असं कायबी झालेलं न्हाई. मला वाटले, मिटले. पण हुकूम वाचतो तर त्यात मेहनतान्याचा उल्लेखच नाही! त्यात म्हटले आहे की, देवळात ताट धरून हा मनुष्य दोन्ही पक्षांचा झाला. वकील एकाच पक्षाचा असतो. सबब हा सनदेला लायक नाही.

अक्का, ताटाबद्दल मला कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. विचारले असते तर मी सांगितले असते. एक आरोप ऐकवायचा आणि शिक्षा दुसऱ्याच गोष्टीची करायची, याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. मी गप्प बसणार नाही. हैदराबादला आलिया अदालतीत, म्हणजे सगळ्यांत वरच्या कोर्टात, दाद मागणार आहे. मजलिसीच्या वर कोणी नाही असे मजलिसीला वाटत असेल, तर तेवढे तरी तिला कळू दे.

तुझ्या भावजयीने, छबूने, तुला नमस्कार सांगितला आहे. ती घाबरली आहे, पण तसे म्हणत नाही. माया आहे ती असू द्यावी, थोडी वाढवली तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
गहिनीनाथ

॥ श्री ॥

धारूर, मिती आश्विन वद्य ६

चिरंजीव गहिनीनाथ यास,

तुळजाबाईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळी खुशाल. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा उभ्यानं आणि मग खाली बसून. बोटं मी मोडली होती हे खरं आहे. आता ती त्या मजलिसीच्या नावानं नव्यानं मोडते आहे.

बाबांनी तुला नि मला एकाच पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं, तेव्हा मुलीला कावून शिकवता म्हणून भावकीतले म्हातारे त्यांच्या अंगावर आले होते. बाबा त्यांना म्हणाले होते की, का शिकवतो ते मला विचारून पाहा आधी, मग ओरडा. तुझ्या पत्रावरून मला तेच आठवलं. घरात दूध सांडलं तरी मी आधी सुनेला विचारते, मग मांजराला मारते. इतके शिकलेले लोक माणसाची भाकरी काढून घेतात आणि त्याला विचारत नाहीत, म्हणजे काय म्हणायचं?

तुझे दाजी मात्र पत्र ऐकून गप्प झाले. ते गप्प झाले की मला भीती वाटते, कारण ते मनात काहीतरी जुळवत असतात. त्यांचं म्हणणं असं की, सरकारदरबारच्या माणसांशी वाकडं घेऊ नये, चार ओळींची माफी लिहून सनद परत घ्यावी. मी त्यांना सांगितलं की, माझ्या भावाला लहानपणी पाठीत रट्टे घातले तरी तो चूक नसताना चुकलो म्हणत नसे. ते रट्टे मीच घातलेले आहेत, तेव्हा मला माहीत आहे.

छबूला सांग, मी आहे. या हंगामात घरात काही कमी पडलं तर धारूरहून गाडी येईल, आणि तू मोठेपणा करून ती परत पाठवलीस तर मी गाडीत बसून येईन. हैदराबादला जा. पण अंगावर गरम कपडा घेऊन जा, तिथल्या लोकांपुढं खोकत उभा राहू नकोस.

अक्काचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं.

तुझी अक्का,
तुळजा

श्री खंडोबा प्रसन्न

धारूर, मिती कार्तिक शुद्ध ७

राजमान्य राजश्री गहिनीनाथराव यांस,

सुंदररावाचा सा. न. वि. वि. हे पत्र तुमच्या अक्काला न सांगता लिहीत आहे, तेव्हा उत्तरात याचा बोभाटा करू नये.

मी परवा बीडच्या बाजाराला गेलो होतो. तिथे मजलिसीतल्या एका सभासदांशी गाठ पडली. गृहस्थ सरळ आहेत. त्यांच्या बोलण्यावरून असे दिसले की, तुम्ही हैदराबादला अर्ज केला हे कळल्यापासून मंडळी जरा नरम आहेत. ते म्हणाले की, वकिलाने ताट धरले हीच अडचण आहे. ताट देवळाच्या गुरवाने धरले होते आणि वकील नुसते बाजूला उभे होते, असे कोणी येऊन सांगितले तर हुकूम मागे घेता येईल. कोणाचीच मान खाली जाणार नाही.

मला यात वावगे दिसत नाही. ताट कोणी धरले याने विहिरीच्या पाण्याला काय फरक पडतो? पाळी ठरली, मोट चालू आहे, मग ताट गुरवाच्या हातात होते असे म्हटल्याने कोणाचे काय जाते? तुम्ही तरुण आहात, कर्तबगार आहात, घराण्यातला पहिला वकील आहात. एका ताटापायी एवढे शिक्षण वाया घालवू नये. मी गुरवाशी बोलून ठेवतो. तुम्ही फक्त मुकाट राहा.

मेहुण्याचा सल्ला कडू लागला तरी मनात गोडवा ठेवावा, ही इच्छा.

आपला,
सुंदरराव

॥ श्री ॥

गेवराई, मिती कार्तिक वद्य १

तीर्थस्वरूप दाजींस,

गहिनीनाथाचा शि. सा. न. वि. वि. आपले पत्र पोचले. त्यातली काळजी मला कळली आणि त्याबद्दल मी आपल्या पाया पडतो. पण गुरवाला बीडला पाठवू नये. ही माझी विनंती नाही, हट्ट आहे असे समजावे.

आपण विचारता, ताट कोणी धरले याने पाण्याला काय फरक पडतो. दाजी, सगळा फरक तिथेच पडतो. धोंडीरामाचा बंकटवर विश्वास नाही, बंकटचा धोंडीरामावर नाही. दोघांचा मिळून जो काही विश्वास आहे तो ताट धरणाऱ्यावर असतो. उद्या पाळीवरून कुरबुर झाली तर दोघे त्याच्याकडे येणार आणि त्याने दोघांना झापायचे, अशी ती जबाबदारी आहे. ज्याने ताट धरले तोच नाही म्हणू लागला, तर शपथ कोणापुढे घेतली होती? मग ती सुटलीच की. धारूरकडेही हीच रीत आहे, आपल्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या काळजीने आपण ती विसरला आहात.

शिवाय खरी गोष्ट अशी की, मजलिसीचे म्हणणे मला अगदीच खुळे वाटत नाही. वकिलाने दोघांचा माणूस व्हावे की नाही, यावर वाद घालता येईल, आणि मी तो घालायला तयार आहे. पण तो माझ्या तोंडावर घाला. माझ्या पाठीमागे ठरवून वर मला खोटे बोलायची वाट दाखवता, हे मला सहन होत नाही. सनदेसाठी मी रात्रंदिवस डोळे फोडले आहेत. ती मला हवी आहे. पण ती गुरवाच्या पदराआडून नको.

मोठ्यांनी राग धरला तरी हात डोक्यावरून काढू नये.

आपला,
गहिनीनाथ

॥ श्री ॥

उमापूर, मिती मार्गशीर्ष शुद्ध १२

चिरंजीव गहिनीनाथ यास,

अक्काचे आशीर्वाद. मी माहेरी आले आहे हे वरच्या गावावरून तुला कळलंच असेल. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायला म्हणून आले होते, आणि दुसरंच वाढून ठेवलेलं निघालं. आता सांगते ते नीट वाच आणि ओरडू नकोस, मी पुष्कळ ओरडले आहे.

तुझ्या दाजींनी गुरवाला बीडला पाठवलं होतं. तुझं पत्र त्यांना मिळण्याआधीच. ते म्हणतात, पत्र आल्यावर त्याला थांबवायला माणूस धाडला, पण तोवर तो मजलिसीपुढं बोलून मोकळा झाला होता की, ताट मी धरलं, वकील बाजूला उभं होतं. ही बातमी उमापुरात आमच्या गाडीच्या आधी आली.

षष्ठीच्या सकाळी पाळी धोंडीरामाची होती. बंकटनं आपले बैल मोटेला जुंपले. धोंडीराम कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला. देवळात ही गडबड कळली तशी मी नैवेद्य तिथंच ठेवला आणि पदर खोचून विहिरीवर गेले. माहेरवाशिणीला बघून दोघं थोडे आवरले. बंकटला मी विचारलं की, पाळी मोडायला तुला लाज कशी वाटत नाही? तो म्हणाला की, कसली पाळी अक्का? ताट कुणी धरलं हेच आता ठरंना. गुरव म्हणतो म्या धरलं, मजलिसीचा कागद म्हणतो वकिलानं धरलं, मग आमी हात ठिवला तो कुणाच्या ताटावर?

मग मी मागं वळून पाहिलं. तुझे दाजी, गावचे जावई, फेटा बांधून बाभळीखाली उभे होते. मी नुसती त्यांच्याकडं बघत राहिले. ते पुढं आले आणि सगळ्या गावादेखत म्हणाले की, गुरवाला मी पाठवलं, चूक माझी, ताट गहिनीनाथानंच धरलं होतं. गहिनीनाथा, जावयानं सासुरवाडीत असं उभं राहून बोलणं सोपं नाही. पण मी त्यांना अडवलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते गुरवाला घेऊन बीडला गेले, तिथं त्याचं म्हणणं त्यांनी मागं घ्यायला लावलं.

तरी बंकटचं समाधान झालं नाही. त्यानं मोट सोडली, मोटेचा नाडा गुंडाळून खांद्यावर टाकला नि सांगितलं की, जोवर वकील सोता सरकारापुढं म्हणत न्हाई का ताट म्या धरलं, तोवर ही हीर बंद. देवापुढं धरायचं आन् सरकारापुढं सोडायचं, असलं ताट आमाला न्हाई चालत. आणि मजा बघ, धोंडीराम म्हणाला की, ह्ये मातर बंकट खरं बोलतोय. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही तुझ्या मानेवर सुरी ठेवायला.

विहीर बंद आहे. धोंडीरामाच्या कांद्याची रोपं माना टाकायला लागली आहेत. तुझे दाजी माझ्याशी बोलत नाहीत, पण जेवायला बसले की रोडगा मागून घेतात, तेव्हा ते ठीक आहे.

आता मला एवढंच सांग, हैदराबादेत तुला हे बोलायला मिळेल ना?

वाट पाहणारी,
तुळजा

॥ श्री ॥

मुक्काम हैदराबाद, सुलतान बाजार, मिती माघ शुद्ध ४

तीर्थस्वरूप अक्कास,

गहिनीनाथाचा शि. सा. न. वि. वि. मी सुखरूप आहे. गरम कपडा आणला आहे, खोकलो नाही. तुझे उमापूरचे पत्र वाचून मी खाटेवरून उठलोच. दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांच्यावर चिडायचे ठरवले होते, पण बाभळीखालून ते पुढे आले एवढे वाचले आणि चिडता आले नाही.

आज सुनावणी झाली. मुसी नदीच्या काठची ती इमारत पाहून माझ्यासारख्याची छाती दडपते, पण आत गेल्यावर तिथेही माणसेच बसलेली असतात. माझी बाजू मीच मांडली. आपली गेवराईची उर्दू ती, बोलता बोलता भर अदालतीत तोंडून 'नक्को' निघून गेले. दोघेही जज्जसाहेब हसले. मला मात्र त्यामुळे धीर आला.

सरकारी वकिलांचे म्हणणे असे की, सनद मजलिसीने दिली, तेव्हा ती परत घेण्याचा अधिकारही मजलिसीचाच, अदालतीने त्यात पडू नये. मी म्हणालो की, सनद मला कोणी दान दिलेली नाही, परीक्षा देऊन मिळवलेली आहे. मग मोठे जज्जसाहेब म्हणाले की, वकिलाने कसे वागावे हे ठरवायला मजलिस आहे, तिच्या खुर्चीवर आम्ही बसणार नाही. आम्हाला एवढेच कळू द्या की ताटाविषयी या माणसाला विचारले होते का. सरकारी वकील चाचरले. म्हणाले की, विचारले नाही, पण विचारूनही काही फरक पडला नसता, ताट धरल्याचे तो कबूलच करतो आहे. जज्जसाहेबांनी शांतपणे विचारले की, मग विचारायला काय हरकत होती?

अक्का, मला त्या क्षणी ओरडावेसे वाटले.

मला राहवले नाही. मी पुढे होऊन म्हणालो की, हुजूर, ते ताट... तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवले. म्हणाले की, इथे सांगू नका, ते तुम्हाला मजलिसीने विचारायचे आहे आणि तुम्ही तिथे सांगायचे आहे. माझे वाक्य तोंडातच राहिले.

हुकूम रद्द झाला. न विचारलेल्या गोष्टीवरून कोणाची सनद घेता येत नाही, मजलिसीला हवे तर तिने नव्याने नोटीस देऊन विचारावे, असा फैसला आहे. सनद आजपासून पुन्हा माझी. जिंकलो म्हण. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, मला ते बोलायला मिळाले नाही.

बाहेर आल्यावर सरकारी वकिलांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले की, आता घरी जा आणि चुपचाप काम करा, मजलिस या भानगडीत पुन्हा हात घालणार नाही, तुम्हीही खाजवून काढू नका. भला माणूस आहे. काय करावे हे मला कळते आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.

उत्तर गेवराईच्या पत्त्यावर पाठव, आणि नेहमीसारखीच रागावत राहा.

तुझा,
गहिनीनाथ

॥ श्री ॥

धारूर, मिती माघ वद्य २

चिरंजीव गहिनीनाथ यास,

आशीर्वाद. जिंकलास म्हणून मी गल्लीत साखर वाटली. मंजुळाबाई शेजारीण विचारत होती की, भावाला पोरगं झालं का काय. मी सांगितलं, त्याहून मोठं झालं.

तुझे दाजी म्हणतात, आता खरंच गप्प बसावं. या वेळी त्यांनी मला न विचारता काही जुळवलेलं नाही, सरळ माझ्यासमोर म्हणाले, म्हणून लिहिते. त्यांचं चुकत नाही. छबूला सुखाचे चार घास मिळतील. मलाही झोप लागेल. मी काय दगडाची नाही.

पण विहीर बंद आहे रे. धोंडीरामाचा कांदा गेला, बंकटचा गहू ओंबीत आला नाही. दोघं आपापल्या बांधावर बसून एकमेकांकडं बघतात, भांडतसुद्धा नाहीत. तुझी वाट पाहतात. तू गप्प बसलास तर तुझी सनद राहील आणि त्यांची शपथ जाईल. मग तू त्या लिंबाखाली बसून पुढच्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगशील की, मी तुझ्या बाजूनं उभा राहतो?

माझ्या तोंडून ऐकायचं होतं ना? मग ऐक. ते विचारत नसतील, तर त्यांना विचारायला लाव.

पत्र आवरते.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

मुक्काम बीड, मिती चैत्र शुद्ध १०, शके १८४६

तीर्थस्वरूप अक्कास,

गहिनीनाथाचा शि. सा. न. वि. वि. लावले विचारायला!

गेवराईला परतताच मी मजलिसीला अर्ज केला की, ताटाविषयी मला नोटीस द्यावी आणि माझे म्हणणे ऐकावे. असा अर्ज त्यांच्याकडे आजवर कोणी केला नसावा. उत्तर आले नाही. मग मजलिस बसेल त्या दिवशी मी बीडला येऊन ओट्यावर बसू लागलो. शिरस्तेदार आधी हसला, मग चिडला, मग मला पाणी देऊ लागला. शेवटी नोटीस निघाली, आणि आज मला आत बोलावले.

धोंडीराम आणि बंकट उमापूरहून आपापल्या गाड्यांतून आले होते. दोघे दारात दोन बाजूंना उभे राहिले. मधले वयोवृद्ध सभासद होते त्यांनी विचारले की, ताट तुम्ही धरले होते काय? मी म्हणालो, होय. त्यांनी विचारले की, कोणासाठी? मी म्हणालो, दोघांसाठी. त्यांनी विचारले की, तुम्ही तर धोंडीरामाचे वकील होता? मी म्हणालो, होतो, आणि तेवढ्या वेळापुरता बंकटचाही माणूस झालो, कारण त्याशिवाय ताट धरता येत नाही. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. दारापर्यंत जायला हवा होता.

सभासद काही वाईट माणसे नाहीत. त्यांनी माझे म्हणणे लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले की, रीत आम्हालाही माहीत आहे, पण उद्या प्रत्येक वकील असा दोघांचा होऊ लागला तर गरीब पक्षकाराने विश्वास कोणावर ठेवायचा? प्रश्न खोटा नाही. मी म्हणालो की, ज्याला दोघे मिळून बोलावतात त्याच्यावर ठेवावा. त्यावर त्यांनी मला एक सोपी वाट करून दिली. झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो एवढे म्हणा, प्रकरण इथेच बंद करू.

अक्का, खोटे सांगत नाही, छबूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. एक शब्द होता. पण खेद वाटत असता तर म्हटला असता. वाटत नाही. मी म्हणालो की, पुन्हा बोलावले तर पुन्हा धरीन.

मग त्यांनी आपसात विचार केला आणि हुकूम सांगितला. येत्या दिवाळीपर्यंत सनद तहकूब. दिवाळीनंतर पुन्हा लिंबाखाली बसायला मोकळा.

हा हुकूम मला पटलेला नाही. पण यावर मी दाद मागणार नाही. मागचा हुकूम माझ्या पाठीवर मारलेला होता, हा मला समोर उभा करून, माझे ऐकून दिलेला आहे. मी होय म्हणालो, त्यांनी ऐकले, आणि त्यांना जे वाटले ते त्यांनी केले. ताठ मानेने भोगीन. काल सनद खिशात असताना जेवढा मी वकील होतो, त्यापेक्षा आज जास्त आहे असे मला वाटते. ही बढाई वाटली तर वाटू दे.

बाहेर आलो तेव्हा बंकटने माझ्याकडे एकदा पाहिले. मग धोंडीरामाला म्हणाला की, चल बे, नाडा घरीच हाय, उद्या अंधार पडायच्या आत मोट जुंपू.

दाजींना हे पत्र तू स्वतः वाचून दाखव. पाठीशी आहेस तशीच राहा, मला दुसरे काही नको.

तुझा,
गहिनीनाथ

॥ श्री ॥

धारूर, मिती चैत्र वद्य ८

चिरंजीव गहिनीनाथ यास,

अक्काचे उदंड आशीर्वाद. छबूला आणि घरातल्या सगळ्यांना माझी माया सांग.

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. खेदाच्या जागी आले तेव्हा ते म्हणाले की, म्हणून टाकायचं होतं. पुढं वाचलं, तर उठून ओसरीवर गेले. आम्हा दोघांनाही तुझा अभिमान वाटतो. त्यांना तो तोंडानं सांगता येत नाही, म्हणून मी दोघांचा मिळून लिहिते.

आता त्यांचा नवा उद्योग ऐक. इथं धारूरला दोन घरांचा बांधावरून तंटा आहे, पोरीबाळींचं येणंजाणंसुद्धा बंद झालंय. काल संध्याकाळी दोन्ही घरची मोठी माणसं आपल्या ओसरीवर हजर झाली. आपल्या पायानं आली नाहीत, तुझ्या दाजींनीच दोन्हीकडं जाऊन त्यांना आणलं होतं. ती माणसं विचारत होती की, उमापूरच्या ताटाचं आमी ऐकलंय, तुमचं मेव्हणं येतील का? कुणीतरी शंका काढली की, ते तर वकील हायेत, वकिलाला ताट धरायची बंदी हाय म्हणं. तेव्हा तुझे दाजी, ज्यांना एवढ्या दिवसांत ताटाचं नाव काढलेलं खपत नव्हतं ते, मिशीवर हात फिरवत म्हणाले की, दिवाळीपर्यंत तो कुणाचाच वकील न्हाई. मजलिसीनंच तसं लिहून दिलंय. म्हणजे दिवाळीपर्यंत तो समद्यांचा.

मी आत चुलीपुढं होते, मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना.

त्यांच्यामागून आणखी दोन गावची माणसं विचारून गेली. दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश आहे. अक्षय्यतृतीया झाली की निघ. ताट मी घासून ठेवलं आहे.

तुझी,
तुळजाअक्का